फ्लोअर टॉमच्या माईकनं ऐकलेलं

दोष दादाचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या घरात सगळे बोलतात, फक्त एवढंच कुणी बोलत नाही. वडील नशिबाचं नाव घेतात. भेटायला येणारे अपघात म्हणतात आणि चहा पिऊन जातात. दादा स्वतः काहीच म्हणत नाही.

मी माईक बोलतोय. ड्रमच्या संचात उजव्या हाताला, तीन पायांवर जमिनीलगत उभा असतो तो मोठा ढोल, फ्लोअर टॉम. त्याच्या कडेला चिमट्यानं बसवलेला. मला डोळे नाहीत, नाक नाही. पुढचं सगळं ऐकलेलं आहे. ऐकलेल्याला कुणी पुरावा मानत नाही हे मला माहीत आहे, तरी सांगतो.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. जोडणी झाली, जाळी बसली आणि मला अशा खोलीत नेलं जिथे आवाज भिंतीला लागून परत येत नाही. तिथे समोरून एक सूर वाजवला, मग पाठीमागून तोच सूर. चांगल्या माईकनं समोरचं ऐकायचं आणि पाठीमागचं ऐकायचं नाही. माणसांत याला शिस्त म्हणतात. मला पाठीमागचंही ऐकू आलं. तपासणाऱ्या बाईनं दोनदा वाजवून पाहिलं, सुस्कारा सोडला आणि माझ्या पोटावर दुय्यम मालाची चिठ्ठी डकवली.

अशा नापासांच्या खोक्यातून मला दादानं उचललं.

दादा म्हणजे स्टुडिओचा मालक, साउंड इंजिनिअर आणि घरातला थोरला. तिन्ही कामं तो एकाच आवाजात करायचा. इमारतीच्या तळघरात त्याच्या दोन खोल्या. एकीत ड्रम आणि आम्ही, दुसरीत तो आणि त्याची यंत्रं. मध्ये काच. दोन्ही खोल्यांच्या मागून एक अरुंद बोळ जायचा. बोळात जनरेटर, आणि बोळाच्या तोंडाशी रस्त्याकडे उघडणारं शटर. आमच्या तारा भिंतीतल्या एका भोकातून बोळात उतरायच्या आणि बोळातून दादाच्या खोलीत जायच्या. ते भोक लक्षात ठेवा.

ड्रम रेकॉर्ड करणं हे भांडखोर कुटुंबाचा फोटो काढण्यासारखं असतं. एक माणूस हातभर अंतरात सहा-सात गोष्टी बडवतो. प्रत्येकीपुढे एक माईक. पण स्नेअरच्या, म्हणजे मधल्या तडतडत्या ढोलाच्या, माईकला शेजारची झांज ऐकू येते, झांजेच्या माईकला पायानं वाजवायचा मोठा ढोल ऐकू येतो, आणि मला सगळेच. एकाच्या माईकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरणं, याला धंद्यात ब्लीड म्हणतात. दादा घुसखोरी म्हणायचा.

घुसखोरी कमी करायचे साधे उपाय असतात. माईक ढोलाच्या जवळ आणायचा. त्याची पाठ नको त्या आवाजाकडे करायची. खाली जाड सतरंजी, भिंतीवर रजया. वाजवणाऱ्यानं झांजा थोड्या हलक्या हातानं मारायच्या. एवढं करून जे उरतं ते उरू द्यायचं. एकाच्या आवाजात दुसरा थोडा मिसळलेला असतो, म्हणून तर ऐकणाऱ्याला तो एक संच वाटतो.

दादाला उरलेलं चालत नव्हतं. शेवटी त्यानं गेट आणलं. गेट म्हणजे माझ्या तारेवर त्याच्या खोलीत बसवलेलं यंत्र. ठरावीक जोराचा आवाज आला तरच ते उघडतं. ढोलावर काठी पडली की उघडलं, ढोल निवला की मिटलं. ते मिटलेलं असताना मी कितीही ऐकलं तरी पलीकडे नुसती शांतता जाते. बाकीचे लोक आधी सगळं रेकॉर्ड करून घेतात आणि कापाकापी नंतर करतात, म्हणजे चुकलं तर मूळ शाबूत राहतं. दादा येतायेताच कापायचा.

“घाण आधी घरात घ्यायची आणि मग झाडत बसायचं? दारातच अडवायची,” असं तो म्हणायचा.

मला बसवलं त्या दिवशी धाकटा पहिल्यांदा माझ्याशी बोलला. धाकटा म्हणजे दादाचा भाऊ, तेवीस वर्षांचा, ड्रम वाजवणारा. इंजिनिअरिंगचं कॉलेज त्यानं तिसऱ्या वर्षी सोडलं होतं. जाळीवर नख मारत तो म्हणाला, “दादा, हा मागचं पण ऐकतो रे.”

“म्हणून तर तुझ्या बाजूला लावलाय. नापासाला नापास.”

“मग आमचं जमेल,” धाकटा म्हणाला आणि हसला.

जमलंच. फ्लोअर टॉम एका गाण्यात चार-पाचदा वाजतो. उरलेला वेळ मी धाकट्याला ऐकायचो. तो वाजवताना पुटपुटत मोजायचा, एक, दोन, तीन, चार, परत एक. उजवीकडे झुकला की त्याचं तोंड माझ्यापासून वीतभर असायचं. त्याचा श्वास, त्याच्या खुर्चीची करकर, चुकल्यावर स्वतःलाच दिलेली शिवी, सगळं माझ्याकडे यायचं. आणि गेटपाशी मरायचं.

संध्याकाळी वडील खाली यायचे. निवृत्त माणूस, सोफ्यावर बसून उपदेश करायचा. चार पिढ्यांत कुणी ढोल बडवला नाही, हे ते अशा सुरात सांगायचे की जणू चार पिढ्यांनी काही मोठं केलं होतं.

“या महिन्यात काही झालं नाही तर गुपचूप कॉलेजात जायचं,” ते म्हणायचे. “मोठा सांगतो ते ऐकत जा. तो बोलतो म्हणजे विचार करून बोलतो.”

“आणि मी बोलतो ते?”

“तू बोलतोस कुठे, तू वाजवतोस.”

त्या महिन्यात एका वाद्यवृंदानं धाकट्याचं रेकॉर्डिंग मागितलं. त्यांचा ड्रमर सोडून गेला होता, चार महिन्यांचा दौरा होता. शनिवारपर्यंत एक गाणं पाठव, म्हणाले. धाकट्यानं दादाला विचारलं. दादा हो म्हणाला, पण अट घातली, रेकॉर्डिंग माझ्या पद्धतीनं.

त्याची पद्धत अशी. झांजा काढून टाकल्या. आज फक्त ढोल वाजवायचे, झांजा उद्या वेगळ्या. झांजा नाहीत म्हणून डोक्यावरचे दोन माईकही उतरवले. खोलीतलं एकूण सगळं ऐकणारे तेवढे दोघंच होते. उरलो आम्ही चौघं, ढोलांना चिकटलेले, प्रत्येकाच्या तारेवर गेट. काचेवरून आवाज परततो म्हणून काचेला गादी लावली. हवा आत घेणारा पंखा घरघरतो म्हणून तो बंद केला आणि त्याच्या तोंडातही गादीचा तुकडा कोंबला. रस्त्याचा आवाज नको म्हणून बोळाचं शटर खाली ओढलं. दाराच्या फटींना रबर होतंच. एकेक गोष्ट झाली तसा खोलीचा आवाज लहान होत गेला. शेवटी धाकटा खाकरला तेव्हा असं वाटलं की पेटीत कुणीतरी खाकरलंय.

“कसलं थडगं केलंस रे,” धाकटा म्हणाला.

“स्वच्छ केलंय. वाजव.”

दादाचा आवाज धाकट्याच्या हेडफोनमधून यायचा. बोलताना बटण दाबून धरावं लागतं. दादानं कंटाळून त्यात कागदाची घडी खुपसून ठेवली होती. त्यामुळे त्याच्या खोलीतलं सगळं हेडफोनमध्ये यायचं आणि तिथून गळून माझ्यापर्यंत. म्हणजे त्याचं आम्हाला सगळं ऐकू येत होतं. आमचं त्याला, गेट उघडेल तेवढंच.

सकाळी अकराला वीज गेली. दादानं जनरेटर लावला. भिंतीतल्या त्या भोकातून एक जाड घूं आत आली, आणि फ्लोअर टॉमचं कातडं तिच्या सुरात सूर मिसळून आपोआप गुणगुणायला लागलं. ढोल असं करतात. जवळ कुणी त्यांच्या सुरात बोललं की हात न लावता बोलतात.

दादानं ऐकायला गेट मोकळं केलं आणि म्हणाला, “टॉममध्ये घूं आहे.”

“तारांच्या भोकातून येतेय. बोळा कोंब ना त्यात.”

“तारा हलतील. गेट आवळतो.”

आवळलं. आता ते उघडायला जास्त जोराचा आवाज लागणार होता. त्याच्या खोलीतली घूं गेली. आमच्या खोलीतली राहिली. आवाज जिथून येतो तिथून दुसरंही काही येऊ शकतं, हा विचार त्या माणसाच्या डोक्यात आला नाही. त्याला ऐकू येणं बंद झालं म्हणजे त्याच्या लेखी ते संपलं.

बाराव्या टेकनंतर, म्हणजे गाणं बाराव्यांदा वाजवून झाल्यावर, धाकटा काठीनं टॉमवर ठोकत बोलला, म्हणजे गेट उघडं राहील. ही युक्ती त्याला ठाऊक होती. “दादा, डोकं दुखतंय. जरा दार उघडतो.”

“कामाच्या वेळी तुझं नेहमीच दुखतं. कॉलेजातही दुखायचं. दार उघडलंस की माईक हलतील.”

“पाचच मिनिटं.”

“आणि पुन्हा मध्येच थांबायचं नाही. गाणं संपेपर्यंत काही झालं तरी थांबायचं नाही. अर्धवट सोडायची सवय आहे तुला.”

हे वाक्य त्या घरात त्याला जेवणाबरोबर वाढलं जायचं. तो वाजवत राहिला. उठून गेला का नाही, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. उठला असता तर काय ऐकायला मिळालं असतं, हे त्यातल्या एकानंही स्वतःला विचारलं नाही.

पंधराव्या टेकला त्याची मोजणी चुकली. तो एक, दोन, दोन, तीन असं मोजत होता. श्वास आखूड झाला होता. सोळाव्याला तो हसला, उगीच, कुणी काही बोललेलं नसताना. ते हसू मी आधी कधी ऐकलं नव्हतं. टॉम सारखा गुणगुणत होता.

सतराव्या टेकच्या मध्यावर पायाचा ढोल थांबला.

“पाय झोपला का रे?” दादा हेडफोनमधून म्हणाला.

मग डावी काठी खाली पडली. सतरंजीवर पडली, फारसा आवाज झाला नाही. स्नेअर थांबलं. खुर्ची करकरली, आणि धाकटा उजवीकडे, टॉमवर, माझ्यावर कलंडला. त्याचं तोंड जाळीला लागलं.

“दादा,” तो म्हणाला. “पाय उठत नाहीत.”

गेट बंद होतं.

त्याला ते कळलं. म्हणजे तेवढं डोकं अजून चालत होतं. उजव्या हातात काठी होती. त्यानं ती टॉमवर मारली आणि मारतामारता बोलला. ढोल वाजला, गेट क्षणभर उघडलं, शब्दाचा तुकडा पलीकडे गेला, गेट मिटलं. परत मारलं. परत तुकडा. गाण्यात जिथे टॉम नव्हता तिथे तो मारत होता. एका घावाला एक तुकडा, असं करत तो भावाला हाक मारत होता.

“कुठे मारतोयस?” दादा म्हणाला. “इथे टॉम नाहीये.”

घाव.

“आणि मागे काय शिरतंय हे? हेडफोन गळतोय का तुझा?”

घाव.

“थांब, आवळतो अजून.”

त्यानं गेट आवळलं. आता धाकट्याच्या अंगात होता तेवढा जोर गेट उघडायला पुरेना. पुढचे तीन घाव पलीकडे गेलेच नाहीत. ते फक्त मला माहीत आहेत. चौथ्या वेळी काठी नुसतीच कातड्यावर टेकली आणि घरंगळली. हेडफोन सुटून फरशीवर पडला. धाकटा माझ्या जाळीत मोजायला लागला. एक. दोन. तीन.

चार आला नाही.

फरशीवर पडलेल्या हेडफोनमध्ये टिकटिक चालू होती, वाजवणाऱ्यानं लय धरावी म्हणून लावतात ती. टिकटिकीतून दादा बोलत होता.

“हां. आता कसं. एकदम स्वच्छ.”

मग थोड्या वेळानं, “काय रे, रुसलास?”

मग, “रुस. तुझं तेच.”

हे त्या घरातलं जुनं होतं. धाकट्याला बोलायचे, धाकटा गप्प व्हायचा, मग त्याला तसाच सोडून द्यायचे. आपोआप ताळ्यावर येतो, म्हणायचे. दादानं फोन घेतला. कुणाशी तरी माईकच्या किमतींवर बोलला, हसला. टिकटिक चालू. टॉम गुणगुणत होता, त्यात आता एकाच आवाजाची भर होती, अंगाच्या वजनानं ताणलेल्या कातड्याची. एक बारीक, वर चढत जाणारी कुरकुर.

वीसेक मिनिटांनी हेडफोनमध्ये वहिनीचा आवाज आला. दादाची बायको. कप ठेवल्याचा आवाज.

“भाऊजींना चहा देऊ?”

“रुसून बसलाय आत. राहू दे.”

“किती वेळ झाला?”

“झाला असेल अर्धा तास.”

“आवाज नाही काही?”

“नाही ना. बघ, सगळं बंद. एक ठिपका हलत नाहीये. असं स्वच्छ मी आजवर…”

“अहो, माणूस आत आहे आणि काहीच आवाज नाही?”

मग वहिनीची पावलं आली. दाराची मूठ वाकली, रबर सुटल्याचा चिकट आवाज झाला, आणि खोलीचा आवाज एकदम मोठा झाला. तिनं धाकट्याला धरून माझ्यावरून उचललं. कातडं सुटलं आणि टॉम स्वतःहून एकदा वाजला. ठण्ण नाही, खोल, पोटातून. पलीकडच्या खोलीत गेट उघडलं, आणि वहिनीचं “भाऊजी” दादाच्या स्पीकरमधून अर्धं वाजलं. शेवटच्या टेकमध्ये ते आहे.

दुपारी चौकशीला एक अधिकारी आला. खोलीत फिरला, पंख्यातली गादी ओढून काढली, भिंतीला हात लावत लावत भोकापाशी आला.

“जनरेटरच्या धुरातला विषारी वायू,” तो म्हणाला. “याला वास नसतो. शटर खाली, पंखा बंद. सगळा इथून आत आलाय. तुमच्या खोलीचं दार उघडं होतं म्हणून तुम्ही वाचलात. आतून काही ओरडला वगैरे नाही?”

“नाही,” दादा म्हणाला.

“तुम्ही ऐकत होता ना?” वहिनीनं विचारलं.

“ऐकत होतो.”

“मग?”

वडील दारात उभे होते. त्यांच्या तोंडून निघालं ते हे. “सांगायचं होतं त्यानं. तोंड नव्हतं का त्याला?”

मी तारेला जोडलेला होतो. माझ्या जाळीत त्याची थुंकी अजून ओली होती. मला बोलता येत नाही, नाहीतर त्या म्हाताऱ्याला तिथेच उत्तर दिलं असतं.

चौदाव्या दिवशी दादानं सतरावा टेक उघडला. काचेवरची गादी तशीच होती, पण बटणातली घडीही तशीच होती, आणि हेडफोन फरशीवरच. मला सगळं ऐकू आलं. त्यानं टॉम एकट्याचा लावला. घाव, शांतता. घाव, शांतता. मग त्यानं घावांमागच्या शेपट्या कापून काढल्या आणि एकामागे एक जोडल्या. इतकं बारीक काम तो फार छान करतो.

जोडलेलं त्यानं वाजवलं. “दा… दा… य उठ… दार… दादा… ऐक…”

त्यानं ते एकोणीस वेळा वाजवलं. मग यंत्राची सगळी बटणं फिरवून पाहिली. तुकड्यांच्या मधलं काही हाती लागतं का, पाहत होता. लागणार कसं? ते तिथे कधी गेलंच नव्हतं. त्यानंच दारात अडवलं होतं.

त्यानंतर तो रोज येतो. सकाळी अकराला. जनरेटर विकला, भोक सिमेंटनं बुजवलं, पंखा मोकळा केला. गाणारे-वाजवणारे यायचे बंद झाले. वहिनी माहेरी आहे. ड्रमचा बाकीचा संच वडिलांनी देऊन टाकला. टॉमला आणि मला दादानं हात लावू दिला नाही. तो माझ्या तारेवरचं गेट काढून टाकतो, आवाज जास्तीत जास्त वाढवतो आणि रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग लावतो. मग गादीपलीकडून, हेडफोनमधून म्हणतो, “सांग.”

मी काय सांगू? मी साठवत नाही. माझ्यातून आवाज जातो, राहत नाही. पहिले काही दिवस मी त्याला एवढंच दिलं, पंख्याची घरघर, पाण्याच्या नळातली कुरकुर, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची. सगळी घुसखोरी. त्यानं ती सगळी जपून ठेवली आहे.

पण गेल्या काही दिवसांत वेगळं होतंय. जनरेटर नाही. वीज गेलेली नाही. खोलीत कुणी नाही. आणि टॉम गुणगुणतो. ती घूं नाही, आखूड, पुटपुटल्यासारखं. तीनदा. मग थांबतो, पुढचं येणार असल्यासारखा. मी कारण शोधत बसलो नाही. समोरून येतं की मागून, हेही मला सांगता येत नाही. मला दोन्हीकडचं सारखंच येतं, म्हणून तर मी नापास झालो. जे आलं ते मी तारेतून पुढे पाठवलं. यावेळी वाटेत गेट नव्हतं.

पलीकडे दादाची खुर्ची मागे सरकली. मग त्यानं अगदी हळू म्हटलं, “चार.”

आता रोज असंच चालतं. टॉम तीन म्हणतो आणि दादा चार म्हणतो. वडील वरून विचारतात, काय करतोस रे खाली? तो म्हणतो, काम.

तुम्ही कधी कुणाला रेकॉर्ड केलंत तर एक करा. आधी सगळं घ्या, नको असलेलंही. कापायला पुढे वेळ असतो. आणि घूं आली तर गेट आवळू नका, उठून भोक बघा. मला एवढंच सांगायचं होतं. दादाबद्दल दया वगैरे मला येत नाही.

त्या दिवशी एकूण सतरा टेक झाले. सगळे स्वच्छ आहेत. धाकट्याचा जीव गेला.